वस्ताद, खुराक आणि समुद्रकिनाऱ्यावरचा फुगा

युरोपातला मोठा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला किंवा दीडला सुरू होतो आणि संपेपर्यंत दूध संकलन केंद्रावर कॅन वाजायला लागलेले असतात. तरीही सकाळी आठच्या आत साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आणि सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यांभोवती त्या सामन्याचा पंचनामा पुरा होतो. पंचनाम्यात मयत टीम कुठलीही असो, मृत्यूची कारणं चारच निघतात: प्रशिक्षकाला अक्कल नव्हती, पोरांत जिद्द नव्हती, पंच फुटला होता आणि मालकानं पैसा सोडला नाही. अंगात जर्सी मँचेस्टरची, पायात चप्पल कोल्हापुरी आणि डोक्यात तालीम, अशा थाटात हा तपास चालतो. शब्द फुटबॉलचे असतात, पण शोध कुस्तीचा असतो: कोण पडला, कुणी पाडला आणि त्याचा वस्ताद कोण? याला इतिहासही तसाच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझपदक घेऊन आले. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं आणि दोन वर्षांनी हिंदकेसरीची गदाही गावात आणली. शेजारच्या कोल्हापुरात तर फुटबॉल क्लबांची नावंच पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी आहेत. तेव्हा या भागातल्या माणसाला फुटबॉल म्हणजे अकरा जणांनी अकरा जणांशी एकदम धरलेली कुस्ती वाटली, आणि चेंडू मध्ये उगाच अडचण करायला टाकलाय असं वाटलं, तर नवल नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अडचण करणारा तो चेंडूच खरा आरोपी आहे आणि पंचनाम्यात त्याचं नावही येत नाही. अव्वल दर्जाच्या फुटबॉलमध्ये वर्षभराचा निकाल बहुतांशी पैसा लावतो, एका रात्रीचा निकाल फार मोठ्या प्रमाणात योगायोग लावतो, आणि श्रेय-अपश्रेय मात्र वस्तादाच्या खात्यावर चढतं. पैशाची गोष्ट लोक नाइलाजानं का होईना मान्य करतात. योगायोग म्हटलं की मात्र गाड्यावरचा चहा थंड होतो. जो हरला त्याचं काहीतरी चुकलंच असणार, नाहीतर तो हरला कशाला, असा आपला न्याय आहे.

हा न्याय मातीतल्या कुस्तीनं शिकवलेला आहे आणि मातीपुरता तो बराचसा खराही आहे. कुंडलच्या मैदानात किंवा पुसेगावच्या यात्रेत मोठी कुस्ती लावताना जुनी जाणती मंडळी आधी जोड बघतात. अंगलट, वजन, उमेद, गेल्या हंगामात कुणाला आस्मान दाखवलं, सगळं तोलूनमापून दोन पैलवान समोरासमोर येतात. २०२३ मध्ये नव्यानं वर आलेल्या ल्यूटन टाउनची जोड मँचेस्टर सिटीशी लावली असती, तर कमिटीला लोकांनी फडातच जाब विचारला असता. शिवाय पूर्वी घड्याळ नावाचा तिसरा पैलवान मैदानात नसायचा. घिस्सा फसला तर ढाक, ढाक फसली तर एकलंगी, तीही निसटली तर पुन्हा खडाखडी. ज्याच्या अंगात खरोखर जास्त आहे त्याला ते दाखवायला हव्या तेवढ्या संधी मिळायच्या. एखादा पाय घसरला, डोळ्यात माती गेली, हलगीवाल्याचा ठेका चुकला, तरी तासाभराच्या झटापटीत असले अपघात दोघांच्या वाट्याला सारखेच येऊन फिटून जायचे. शेवटी दोन्ही खांदे मातीला लागले की त्यावर कुणाचं दुमत नसायचं. असा स्वच्छ निकाल बघत वाढलेल्या माणसाला ‘चांगला खेळला पण हरला’ हे वाक्य हरलेल्याच्या मामानं केलेल्या सारवासारवीसारखं ऐकू येतं.

फुटबॉलमध्ये मात्र हे वाक्य दर आठवड्याला खरं ठरतं, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. कबड्डीच्या चाळीस मिनिटांत एकेक संघ तीस-तीस गुण सहज करतो. दोन-चार गुण पंचांच्या चुकीनं इकडचे तिकडे झाले तरी सरस संघ बहुधा वरच राहतो. फुटबॉलच्या दीड तासात दोन्ही संघ मिळून सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. गुण जेवढे महाग, तेवढं नशीब स्वस्त. अँडरसन आणि सॅली या दोन अभ्यासकांनी सट्टेबाजांचे भाव तपासून दाखवलं की बास्केटबॉलमध्ये ज्याच्यावर पैज लागते तो संघ तीनातून सुमारे दोन वेळा जिंकतो, आणि फुटबॉलमध्ये निम्म्याहून जेमतेम थोडा जास्त. म्हणजे ज्यांचं पोट अचूक अंदाजावर चालतं त्या धंदेवाल्यांनाही इथं नाणेफेकीपेक्षा फार बरं काही जमत नाही. १९ मे २०१२ ला चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत म्युनिकमध्ये, बायर्न म्युनिकच्या घरच्या मैदानावर झाली. बायर्नला वीस कॉर्नर मिळाले आणि चेल्सीला एक. बायर्नच्या विसातून गोल एकही निघाला नाही. चेल्सीच्या एकुलत्या एका कॉर्नरवर अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला द्रोग्बानं डोक्यानं बरोबरी साधली, जादा वेळेत बायर्ननं पेनल्टी वाया घालवली आणि शेवटी पेनल्टीच्या फैरीत करंडक लंडनला गेला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांनी चेल्सीच्या पोलादी जिद्दीवर रकाने भरले. वीस कॉर्नर मिळवायला जिद्द लागत नसावी.

हे उदाहरण कुणाला पुरेसं वाटत नसेल तर १७ ऑक्टोबर २००९ चा संडरलँड विरुद्ध लिव्हरपूल सामना घ्यावा. लिव्हरपूलच्याच एका पाठीराख्यानं समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा मोठा लाल फुगा मैदानात भिरकावला होता. संडरलँडच्या डॅरेन बेंटनं चेंडू मारला, तो त्या फुग्यावर आपटला, गोलरक्षक नेमका काय अडवावं या विचारात असताना चेंडू जाळ्यात गेला आणि फुगा बाहेर गेला. नियमाप्रमाणे गोल रद्द व्हायला हवा होता, पंचांनी दिला, आणि सामना एक-शून्य असाच संपला. यात वस्तादाचा डाव शोधणाऱ्याला माझा दंडवत. आता कुणी म्हणेल, फुगे काय रोज येतात? रोज लाल रंगाचे येत नाहीत, एवढंच. खांबाला लागून आत किंवा बाहेर जाणारा चेंडू, बचावपटूच्या ढोपरावरून वळलेला फटका, पावसात निसटलेला झेल, ही सगळी त्याच फुग्याची भावंडं आहेत. त्यांना रंग नसतो म्हणून आपण त्यांना कौशल्य म्हणतो.

आता वस्ताद. या मुद्द्यावर सातारा-सांगलीत बोलताना जपून बोलावं लागतं, कारण इथं वस्तादाच्या पाया पडल्याशिवाय कुणी लांग चढवत नाही. पण क्लॉडिओ रानिएरी या सज्जन इटालियन गृहस्थांची कुंडली मांडून बघू. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. ग्रीस घरच्या मैदानावर फेरो बेटांकडून हरला. फेरो बेटांची सगळी लोकसंख्या एका कराड शहरात मावेल एवढी. रानिएरींना लगेच नारळ मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना लेस्टर सिटीनं घेतलं. हंगामाच्या सुरुवातीला लेस्टर विजेता होण्यावर सट्टेबाज एकास पाच हजार भाव देत होते, आणि मे २०१६ मध्ये लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला. रानिएरी जगाचे वस्ताद ठरले. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, संघ तळाला घसरला म्हणून त्याच क्लबनं त्यांना पुन्हा नारळ दिला. सव्वादोन वर्षांत माणूस मूर्ख, मग ऋषी, मग पुन्हा मूर्ख झाला असं मानायचं असेल तर खुशाल माना. मला मात्र माणूस तोच राहिला आणि भोवतीचं हवामान बदललं, हे जास्त शक्य वाटतं. मधल्या काळात कांते नावाचा त्यांचा बुटका, अथक पळणारा खेळाडू चेल्सीनं विकत नेला होता, आणि त्या वर्षी विजेता कोण झाला? चेल्सी. तिकडे २०१२ ला म्युनिकमध्ये करंडक उचलणारे चेल्सीचे प्रशिक्षक दी माटेओ सहा महिन्यांत घरी बसले होते. यावर आक्षेप ठरलेला आहे: मग फर्ग्युसन? मग ग्वार्दिओला? आक्षेपात दम आहे. फर्ग्युसननं १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीनला घेऊन रेआल माद्रिदला अंतिम सामन्यात हरवलं होतं, त्याला निव्वळ योगायोग म्हणणं हा कोडगेपणा होईल. थोर वस्ताद असतात. पण थोर वस्ताद दहा-वीस, आणि दर सोमवारी ज्यांना थोर किंवा टाकाऊ ठरवलं जातं ते शेकड्यांनी. शिवाय थोर ठरलेला वस्ताद पुढच्या वर्षी श्रीमंत तालमीत जातो, आणि मग तालीम जिंकते ती त्याच्यामुळे की त्याला परवडणाऱ्या खुराकामुळे, हे वेगळं काढायला हिशेबनीस लागतो.

हिशेबनिसांनी ते काढलंही आहे. स्टीफन शिमान्स्की या अर्थतज्ज्ञानं इंग्लिश क्लबांचे अनेक वर्षांचे ताळेबंद धुंडाळले. खेळाडूंच्या पगारावर कोण किती खर्च करतो एवढ्या एकाच आकड्यावरून, दहाएक वर्षांच्या सरासरीत, कोण कितव्या क्रमांकावर राहणार यातला सुमारे नव्वद टक्के फरक उलगडतो, असं त्याला दिसलं. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत तेहेतीस हंगाम झाले आणि विजेते क्लब झाले फक्त सात. त्यातल्या ब्लॅकबर्नच्या मागे पोलादवाल्या जॅक वॉकरची तिजोरी होती. जर्मनीत बायर्ननं २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा लीग जिंकली, तेव्हा तिथं स्पर्धेपेक्षा वार्षिक सर्वसाधारण सभेचं वातावरण असावं. खुराकाचा हा महिमा आपल्याकडच्या पैलवानाच्या आईला कुणी समजावून सांगायला नको. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा महिन्याचा आकडा ऐकूनच कितीतरी घरांनी पोराला तालमीऐवजी आयटीआयला घातलं. मग पैसा आणि योगायोग दोन्ही एकाच वेळी निकाल कसा लावतात? तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर छाटणी, औषधं, पाणी आणि भांडवल ज्यानं ओतलं त्याचीच बाग पुढे असते. पण या वर्षी काय होणार हे फेब्रुवारीतला एक अवकाळी ढग ठरवतो, आणि तो ढग कर्जाचा उतारा बघून पडत नाही. लेस्टर हे माझ्याविरुद्ध दिलं जाणारं हुकमी उदाहरण आहे: पगारपत्रक खालच्या फळीतलं आणि करंडक पहिल्या नंबरचा. पण पुढच्याच वर्षी तो क्लब तळाशी झगडत होता आणि २०२३ मध्ये खालच्या श्रेणीत गेलाही. तेहेतीस हंगामांत एकदाच घडलं ते नियमाचं खंडन म्हणून वापरायचं, तर लॉटरी लागलेल्या माणसाला अर्थमंत्री करावं लागेल.

जिद्दीचा आणि मेहनतीचा मुद्दा मी थोडक्यात उरकतो, कारण तो भावनेचा आहे आणि भावनेपुढे आकडे लाजतात. मेहनत लागते, ती नसेल तर माणूस दारातसुद्धा उभा राहत नाही. पण पहाटे चारला उठून हजार बैठका दोघांनीही मारल्या असतील तर त्या बैठका जिंकलेल्याच्या विजयाचं कारण कशा होतील? जे दोन्ही पारड्यांत सारखं आहे त्यानं काटा हलत नाही. दर्जा जितका वर जातो तितकी माणसं एकमेकांसारखी होत जातात, आणि मग उरलेल्या वीतभर फरकात वारा, पाऊस आणि पंच यांना वाव मिळतो. पंचाच्या बाबतीत आपला संशय अर्धा बरोबर आहे. तो पैशानं फुटतो असा पुरावा नसताना म्हणू नये, पण तो आवाजानं वाकतो याला पुरावा आहे. करोनाच्या काळात रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा पाहुण्या संघांना दाखवली जाणारी पिवळी कार्डं कमी झाली, आणि २०२०-२१ च्या हंगामात इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत पाहुण्यांचे विजय चक्क यजमानांपेक्षा जास्त भरले. गावच्या पैलवानाचा पट निघाला की हलगी कशी चढते हे ज्यानं ऐकलंय त्याला त्यात नवीन काही नाही. फक्त हलगीवाल्याला आजवर कुणी ‘सामनावीर’ दिलेला नाही.

गंमत अशी की आम्ही फुटबॉलला कुस्तीचे नियम लावत बसलो, तोवर कुस्तीच हळूहळू फुटबॉल झाली. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकललं तर एक गुण, खाली आणलं तर दोन, अंतराळी फेकलं तर चार. चीतपट झाली तर सोन्याहून पिवळं, पण तिची सक्ती नाही. एप्रिल २०२२ मध्ये खुद्द साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली आणि कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला पाच विरुद्ध चार गुणांनी हरवलं. पाच-चार! हा निकाल एखाद्या जोरदार फुटबॉल सामन्याचा म्हणून सहज खपला असता. पुढच्याच जानेवारीत पुण्यातल्या स्पर्धेत उपांत्य फेरीला महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला टांग लावली, तिचे चार गुण द्यायचे की दोन यावर महाराष्ट्रभर इतकी चर्चा झाली की शेवटी टांगेपेक्षा गुणफलक मोठा झाला. घड्याळ आलं, गुण मोजके झाले, आणि त्यांच्या मागोमाग पंच, व्हिडिओ आणि योगायोग हे तिघंही लाल मातीतून मॅटवर चढले. याची पहिली किंमत या भागानं फार लवकर मोजलेली आहे. खाशाबांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक मिळाला, तेव्हा मॅट हा प्रकार त्यांना नवा होता. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर खुराकाचा प्रश्न आला: गावोगाव वर्गणी फिरली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकामागचं पगारपत्रक ते एवढंच. तिथं जपानच्या इशीबरोबरची कुस्ती अटीतटीची झाली आणि ती हातची गेल्यावर लगेच सोव्हिएत संघाच्या ममेदबेकोवसमोर उभं राहा असं सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण नियमाचं पुस्तक उघडून भांडायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा हरले, इशीला सुवर्ण, सोव्हिएत संघाला रौप्य आणि गोळेश्वरला ब्राँझ. त्यात डाव कमी पडला, जिद्द कमी पडली, वस्ताद कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे? कमी पडला तो कोट घातलेला एक माणूस, आणि तो नेमका त्या अर्ध्या तासात कुठे होता याचा पंचनामा मात्र कुठल्याही गाड्यावर झालेला नाही. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडावं लागलं.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे: सगळं पैसा आणि योगायोगच ठरवणार असेल तर माणसानं रात्री दीड वाजता डोळे ताणून बघायचं काय? माझं उत्तर असं की निकालाची खात्री हवी असेल तर युरोपनं कुस्तीकडून मातीतली अट घ्यावी. घड्याळ काढून टाकावं, दोन्ही संघांना खेळवत ठेवावं, आणि एकाची पाठ लागेपर्यंत कुणाला सोडू नये. पण इथं एक जुनी सोय आडवी येते. मातीतही दिवस बुडायला आला, दोघंही हटेनात आणि लोकांना शेवटची एसटी गाठायची असली की पंच मध्ये शिरून कुस्ती बरोबरीत सोडवत. १८ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना आणि फ्रान्स तीन-तीनवर अडकले होते. जादा वेळेच्याही शेवटच्या क्षणी कोलो मुआनीचा फटका अर्जेंटिनाच्या गोलरक्षकाच्या डाव्या पायाला लागून परतला आणि पुढे पेनल्टीच्या फैरीत मेस्सी सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ ठरला. तो पाय चार बोटं अलीकडे असता तर मेस्सीवर निघाले ते ग्रंथ फ्रान्सच्या एम्बापेवर निघाले असते. कुंडलची कमिटी तिथं असती तर तिनं अंधार पाहून दोघांचेही हात वर केले असते, दोघांनाही फेटे बांधले असते, इनामाची रक्कम निम्मी-निम्मी वाटली असती आणि विश्वचषक सहा महिने ब्यूनस आयर्सच्या तालमीत, सहा महिने पॅरिसच्या, असा ठराव करून मंडळी जेवायला बसली असती.